स्वेटर बांधून गेलो हवाबदलाला

आधी चूक सांगते, मग प्रवास. आमच्या बचत गटाच्या मोबाईलवर निरोप आला होता: महिलांसाठी हवामान बदल अभ्यास सहल, गाडी, जेवण, मुक्काम सगळं सरकारकडून. अध्यक्षीण संगीता चष्मा घरी विसरलेली. तिने मारुतीच्या ओट्यावर उभं राहून ठणकावून सांगितलं, "बायांनो, सरकार आपल्याला हवाबदलाला नेतंय!"

हवाबदल म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. सासऱ्यांच्या छातीत पाणी झालं होतं तेव्हा डॉक्टरने त्यांना हवाबदलाला जा म्हणून सांगितलं, आणि ते तोरणमाळला राहून आले. मरेपर्यंत तिथल्या थंडीचं सांगायचे. मग सरकार चैत्राच्या उन्हात बायांना हवाबदलाला नेणार तर तोरणमाळलाच नेणार ना? आम्ही सगळ्यांनी पेट्यांतून स्वेटर काढले. डांबराच्या गोळ्यांचा वास झटकला, कानटोप्या घेतल्या. माझी मोठी जाऊ निर्मलाअक्का तर शाल आणि पायमोजे घेऊन आली.

माझी चौथीच झाली, पण मोबाईलवर लिहायचं हे पान मला माझ्या लेकीने, कविताने, काढून दिलंय. मी मोबाईलशी बोलते, तो लिहितो, ती दुरुस्त करते. कविताचं आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. तिचं पहिलं बाळंतपण वैशाखात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार आणि इथेच बाळंत होणार. तिच्यासाठी आम्ही घराच्या अंगणात नवी खोली बांधली. विटांची भिंत, वर पत्रे, आत गुलाबी रंग, नवा पंखा. गावात कोणाच्या लेकीला अशी खोली मिळाली नव्हती.

आणि निर्मलाअक्काचंही सांगते. वाटणीत जुनं धाब्याचं घर मोठ्या दिराला गेलं. धाबं म्हणजे लाकडी सऱ्यांवर हातभर मातीचं सपाट छत, खानदेशात पूर्वी सगळ्यांची घरं तशीच. आमच्या वाट्याला खळ्याची मोकळी जागा आली, तिथे आम्ही पत्र्याचं घर बांधलं. मध्ये भिंत घातली. भिंत घालताना तिने मला पत्रावाली म्हटलं, मी तिला उंदरीण म्हटलं, तेव्हापासून बोलणं बंद. हळदीकुंकवाला समोर आली तर कुंकू लावायची, तोंड उघडायची नाही. आता तिचं घरकुल मंजूर झालेलं. आखाजी झाली की धाबं पाडणार, स्लॅबचं घर बांधणार.

पहिला दिवस: चोपडा, जळगाव, धुळे

गाडी सकाळी लवकर आली. "बठ्ठ्या बसन्या का वं?" संगीता ओरडली. बसलो. मी पुढे, अक्का मागे. सोबतीला पाटील सर नावाचे एक साहेब, सावळे, घामाघूम, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. कोणत्या खात्याचे ते मी लिहीत नाही, माणूस भला होता.

अडावद गेलं, धानोरा गेलं, गाडी काही डोंगराकडे वळेना. सातपुडा पाठीमागे राहिला. विदगावच्या पुलावर आलो तर तापीच्या वाळूत म्हशी बसलेल्या.

मी म्हटलं, "सर, तोरणमाळ इकडून नाही."

"तोरणमाळ?" पाटील सर वळून बघायला लागले. त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या स्वेटरवर गेली, मग सगळ्यांच्या मांडीवरच्या स्वेटरवर. "ताई, हवाबदल नाही. हवामान बदल. हवामान बदलतंय त्याची माहिती."

 मग मागून अक्काचा आवाज आला, माझ्याशी नाही, खिडकीशी. "हवा बदली गयी, आते माहिती काय करसूत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तोंड फिरवून.

जळगावच्या सभागृहात मात्र स्वेटर लागले. खरंच लागले. आत इतका एसी की कानटोपी घालून बसलो. उन्हावर बोलायला एवढी थंडी! बाहेर चौकात पोलीस ओला रुमाल डोक्यावर टाकून उभा, आत आम्ही शाल पांघरून ऊन शिकतोय.

एका मॅडमने पडद्यावर नकाशा लावला. जळगाव-धुळ्याचा नकाशा, कुठे पिवळा, कुठे नारिंगी, कुठे गडद लाल. गडद लाल म्हणजे जिथे उष्णतेचा धोका सगळ्यात जास्त. मॅडम काठीने दाखवत गेल्या. मी इंग्रजी वाचत नाही, पण तालुका ओळखते. काठी चोपड्यावर आली आणि आमच्या पट्ट्यावर थांबली. गडद लाल.

मी उभी राहिले. "हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

मॅडम म्हणाल्या, "अभ्यास बरीच वर्षं चालू आहे. अहवाल वर जातात, त्यावर धोरण ठरतं."

"आणि खाली कधी येतात?"

मॅडम चांगल्या होत्या, चिडल्या नाहीत. "म्हणूनच तर तुम्हाला आणलंय ना," म्हणाल्या.

मला धक्का बसला तो इथे. आमचं गाव कोणाच्या तरी भिंतीवर लाल रंगात लटकतंय आणि आम्हाला पत्ता नाही. तलाठ्याने सांगितलं नाही, सरपंचाने सांगितलं नाही. आम्ही आपले दर उन्हाळ्यात म्हणतो, यंदा फार तापलं बाई, आणि कांदा खिशात ठेवून शेतात जातो.

पुढची पाटी होती धोका कोणाला. पहिली ओळ: गरोदर बाया आणि तान्ही बाळं. मॅडम सांगत होत्या, दुपारी बाहेर पडू नका, सावलीत थांबा, पाणी प्या.

मी परत उठले. संगीता पदर ओढत होती, बस म्हणून. "मॅडम, घरातच जास्त तापत असेल तर? घराबाहेर पडू नका म्हणता, आमच्या पत्र्याखाली बसून तर माणूस शिजतो."

"घरांचं... ते उद्या धुळ्याला आहे," मॅडम म्हणाल्या आणि पाटील सरांकडे बघितलं.

धुळ्याचा रस्ता आता छान झालाय. चौपदरी आहे, गाडी लोण्यासारखी जाते. झाडं मात्र गेली. पूर्वी एरंडोलपर्यंत कडुलिंबांची सावली होती, आता रस्त्यात मधल्या पट्टीवर कण्हेरीची झुडपं आहेत, त्यांची ना सावली, ना शेळ्यांना उपयोग. पारोळ्याच्या अलीकडे ढाब्यावर जेवलो. तुम्ही जाल तर शेवभाजीच मागा, पण सांगून मागा, तिखट कमी. आम्ही खानदेशच्या, तरी डोळ्यांतून पाणी आलं. सोबत ताकाचा तांब्या घ्या, पाण्याने जिभेची आग विझत नाही. ताक मला आणि अक्काला एकाच तांब्यात दिलं वेटरने. तिने आधी ओतून घेतलं, तांब्या माझ्याकडे सरकवला. 

धुळ्याला प्रशिक्षण केंद्राच्या वसतिगृहात मुक्काम. खोल्या स्वच्छ, संडास स्वच्छ, जेवणात फौजदारी डाळ आणि भात. रात्री कविताचा फोन. "आई, तोरणमाळला थंडी आहे का गं?"

"तोरणमाळ नाही, धुळे आहे."

ती इतकी हसली की मी म्हटलं हळू, पोटात बाळ आहे. मग म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणतात बीपी थोडं वर राहतंय. गार जागेत राहा म्हणे. मी सांगितलं, माझी आई गुलाबी खोली बांधतेय."

पाटीवरची पहिली ओळ डोळ्यांसमोर आली. पंखा चांगल्या कंपनीचा आहे, एवढंच मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसरा दिवस: धुळे

सकाळी शेतावर नेलं, सरकारी संशोधनाचं शेत. तिथे मुगाच्या वाफ्यात प्लॅस्टिकच्या गोल कोठ्या उभ्या केलेल्या, माणसाच्या उंचीच्या, वरून उघड्या. नळ्यांतून आत गरम हवा सोडतात. पाटील सर म्हणाले, "ह्या कोठीत आम्ही बाहेरच्यापेक्षा दोन अंश जास्त ठेवतो. पुढच्या काळात उन्हाळा जसा होईल तसा. पीक काय करतं ते आत्ताच बघायचं."

बाहेरच्या मुगाला शेंगा धरलेल्या. आतल्या मुगाची फुलं खाली पडलेली, पिवळी, जशी कोणी वेचून टाकावीत.

"माणूस आत जाऊ शकतो का?" मी विचारलं.

"जाऊ शकता, पण थोडाच वेळ."

मी आत गेले. सकाळची वेळ, तरी आत ते दडपण होतं. नाकात हवा जाते पण छाती भरत नाही. कानामागून घाम सुटतो. ओठ सुकतात. मी तिथे उभी राहिले आणि मला ते ओळखीचं वाटायला लागलं. हे मी कुठे अनुभवलंय? मग आठवलं. गुलाबी रंगाचा दुसरा हात देताना, पंखा बसायच्या आधी.

मी बाहेर आले. "साहेब, हाई तर मनी खोली शे."

पाटील सरांना कळलं नाही. मी सांगितलं. "तुम्ही जी पुढची हवा प्लॅस्टिकमध्ये कोंडून ठेवलीय ना, ती माझ्या घरी आताच आहे. पत्र्याखाली. आणि माझी पोर पोटुशी तिथे राहायला येतेय."

पाटील सरांनी कोठीकडे बघितलं. मग म्हणाले, "पत्र्याखाली ह्याच्याहून जास्त असेल, ताई. हा तर फक्त दोन अंशांचा फरक आहे."

मी तुम्हाला सांगते, मी रडणारी बाई नाही. पण त्या मुगाच्या फुलांकडे बघून मी पदर डोळ्यांना लावला.

पुढे नेलं ते घर दाखवायला. केंद्राच्या मागच्या बाजूला नमुन्याची खोली बांधलेली, बाहेर पाटी: हवामान अनुकूल घर. जाड भिंती, छोट्या खिडक्या, आणि वर... मी बघतच राहिले. लाकडी सऱ्या, त्यावर काड्या, त्यावर माती.

माझ्या मागून अक्का पुढे झाली. तिने भिंतीला हात लावला, वर बघितलं, मग ओरडलीच. "हाई तं आमनं धाबं शे!"

आत गेलो. गार. सभागृहासारखं गार नाही, माठासारखं गार. भिंतीवर तापमान दाखवणारा काटा लावलेला, बाहेरचाही लावलेला. पाटील सर मोठ्या उत्साहाने सांगायला लागले, जुन्या पद्धतीच्या घरात दुपारी किती कमी तापतं, सरकार कसा अभ्यास करतंय, पुढच्या धोरणात अशा घरांना कशी जागा द्यायचा विचार आहे.

अक्का ऐकत होती. कमरेवर हात. मग म्हणाली, "मंग मनं घर पाडाले पैसा कोण दी ऱ्हायना?"

"म्हणजे?"

"घरकुल मंजूर शे मनं. धाबं पाडाशिवाय पैसा नही, फोटो काढी लई जातस पाडेल घरना."

पाटील सरांनी कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्या गार खोलीत. "ते वेगळं खातं आहे, अक्का."

"सरकार एकच शे ना?"

 पाटील सरच शेवटी म्हणाले, आणि मला त्या माणसाचं हे आवडलं, "खरं सांगू? मलाही हे दोन्ही दिसतं. ज्यांनी ही खोली बांधायला सांगितलं, त्यांना तुमची घरं पाडायची यादी कोणी दाखवलेली नाही."

मी इथे तिची बाजू घेणार नाही असं तुम्हाला वाटेल. पण त्या धाब्याचं खरं काय ते मला माहीत आहे, मीही त्यात संसार केलाय. पावसाळ्याआधी दर वर्षी डोक्यावरून माती चढवायची, तीही बायांनीच. मोठ्या पावसात गळतं, मग चुलीजवळ घमेली मांडायची. वरून विंचू पडतो. नमुन्याच्या खोलीत विंचू नव्हता, घमेलंही नव्हतं. अक्काने आयुष्यभर ती माती वाहिलीय, तिला स्लॅब हवा असेल तर तिचं चुकलं असं कोण म्हणेल? मी तर नाही.

पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. आखाजी झाली की ती ते घर पाडणार, आणि त्याच सुमाराला माझी पोर गुलाबी कोठीत.

जेवणानंतर थोडा मोकळा वेळ दिला. बाकीच्या साड्या बघायला गेल्या, मी आग्रा रोडवर तापमापक विकत घ्यायला. दुकानदाराने ताप बघायचा काढून दिला. "कोणाला ताप आहे, मावशी?"

"घराला," मी म्हटलं. मग त्याने भिंतीवर लावायचा दिला.

परतीचा रस्ता: सोनगीर, शिरपूर, चोपडा

सोनगीरला गाडी थांबवली. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव, वर किल्ला, खाली तांब्या-पितळेची दुकानं. तुम्ही गेलात तर दुपारी किल्ल्यावर चढू नका, दगड पायाला चटके देतात. आम्ही अर्ध्यावरून बघितलं. समोरच्या टेकडीवर झाडं लावायचे खड्डे, रांगेने, आणि जवळच वृक्षारोपणाची पाटी. खड्ड्यांत काड्या होत्या. झाड एकाही खड्ड्यात दिसलं नाही मला, काही असतील तर ती मागच्या बाजूला असतील. "पाऊस आला की परत लावतात," पाटील सर म्हणाले. तेही थकले होते.

मी बाळासाठी पितळेची वाटी घेतली. शेजारच्या दुकानात अक्का तांब्याचा छोटा गडू हातात घेऊन त्यावरचे ठोके बघत होती. तिच्या घरी लहान मूल कोणी नाही. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तापी ओलांडून शिरपूर आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्याने चोपडा, हा रस्ता संध्याकाळी फार सुंदर दिसतो, केळीच्या बागा हिरव्यागार. पण आता मला ती हिरवळ बघूनही वाटतं, ह्याच्यावर नकाशात कोणता रंग आहे?

घरी

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी तापमापक गुलाबी खोलीत खिळ्याला टांगला. पंखा लावला आणि बाहेर बसले. थोड्या वेळाने आत गेले तर लाल रेघ सेहेचाळीसच्या वर. पंखा फिरतोय, गरम हवा खाली ढकलतोय. आमचे हे म्हणाले, "बिघडलं असेल ते. स्वस्तातलं घेतलं का?"

मी तापमापक काढला, पदराखाली घेतला आणि भिंतीला वळसा घालून अक्काच्या दारात गेले. वाटणीनंतर पहिल्यांदा.

ती ओट्यावर चिंचा फोडत होती. मला बघितलं, चिंच फोडणं चालूच.

मी उभी. तोंडातून शब्द निघेना. मी, जी मॅडमला उभी राहून विचारते.

"पत्रावाली, बोल ना," ती म्हणाली. "तोंड शिवी लिन्हं का?"

मी तापमापक पुढे केला. "हा तुझ्या घरात टांगायचाय. थोडा वेळ."

तिने तो घेतला, आत नेला, स्वतः टांगला. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. चिंचेचे चिचोके एका बाजूला, गर एका बाजूला. मीही फोडायला लागले. मग तिने उठून आतून तापमापक आणला आणि माझ्या हातात दिला. सदतीस.

"कविताले अठे आन," ती म्हणाली.

"तू तर पाडणार आहेस."

"तुनी पोर मनी पोर नही का? मी काय राक्षशीन शे?" आवाज चढला तिचा. "सव्वा महिना पाडत नही मी. बाळंतीण उठू दे. मंग पाडसू."

"आणि घरकुल?"

ह्यावर ती परत चिंचा फोडायला लागली. कारण उशीर केला तर तिचं नाव मागे जाऊ शकतं, आणि एकदा मागे गेलं की परत कधी येईल कोणाला माहीत. भाऊजी तर आधीच सऱ्या काढायला माणसं सांगून बसलेले. भाऊजींना पटवायला तिला दोन दिवस लागले. कसं पटवलं ते तिने मला सांगितलं नाही, पण दोन दिवस त्यांच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

मग आम्ही दोघी ग्रामसेवकाकडे गेलो. तो बिचारा तरुण आहे, चांगला आहे, पण त्याच्या हातात काही नाही. म्हणाला, "अक्का, मुदत वाढवून मिळेल की नाही मी सांगू शकत नाही. अर्ज देतो पाठवून. कारण काय लिहू?"

मी सांगायला लागले, गरोदर, बीपी, लाल नकाशा, मुगाची फुलं, सेहेचाळीस, सदतीस. त्याचं पेन हवेतच.

अक्काने मला थांबवलं. "एवढं कशाला? लिख, हवाबदल."

त्याने वर बघितलं, हसला, आणि लिहिलं.

आखाजीला कविता आली. गुलाबी खोली बघून खूश झाली आणि त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे राहायला गेली. आखाजीला माहेरी आलेल्या पोरींसाठी झोका बांधायची रीत, तो यंदा अक्काच्या दारातल्या कडुलिंबाला बांधला. सोनगीरचा तांब्याचा गडू कविताच्या बाजेखाली ठेवलेला मला दिसला, पाण्याने भरून. हे लिहितेय तेव्हा ती धाब्याखाली आडवी पडलीय, पाय उशीवर, आणि हे दुरुस्त करतेय. बाळ अजून यायचंय. बीपी बरं आहे. अर्जाचं उत्तर आलेलं नाही.

तुम्ही विचाराल, सहल कशी झाली. जा तुम्हीही, मिळाली तर. रस्ता चांगला, जेवण चांगलं, माणसं चांगली. त्यांना सगळं माहीत आहे, हेच मला अजून पचत नाही. मला वाटायचं सरकारला काही कळत नाही. त्याची मला सवय होती.

आणि झोप लागत नाही ती एका गोष्टीने. सव्वा महिन्यानंतर अक्का धाबं पाडेल, पाडायलाच हवं, तिचाही हक्क आहे. पाटील सर म्हणत होते, नुसता स्लॅबही दिवसभर तापतो आणि रात्रभर सोडतो. मग पुढच्या चैत्रात हे बाळ रांगायला लागलेलं असेल. आमच्याकडे पत्रा, तिच्याकडे स्लॅब. तेव्हा त्याला हवाबदलाला कुठे न्यायचं?